पाटी रंगविणाऱ्याची वही



तुमच्यापैकी अनेकजण दिवसभराचे काम आटोपून रात्री ही पुस्तिका उघडत असाल. कोणी शिवणयंत्रावरून उठून आलेले असेल, कोणी लग्नसराईतले छायाचित्रण संपवून, तर कोणी गणपतीच्या मूर्तींना शेवटचा हात देऊन. अशा वाचकाशी मला बोलायचे आहे, कारण माझी जातकुळी तीच आहे. पाट्या रंगविणे हा माझा व्यवसाय. १९९१ साली एका तालुक्याच्या गावी मी पहिली पाटी रंगविली आणि त्या दिवसापासून जमाखर्चाची वही ठेवली. पुढे जे सांगणार आहे ते बहुतांशी त्या वहीतून आलेले आहे.

कलेवर पोट कसे भरावे, असे कोणी विचारले की ‘मेहनत करा, दर्जा राखा’ असे उत्तर मिळते. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. उत्तम दर्जा राखूनही दुकानाची फळी कायमची लागलेली मी पाहिली आहे. आपण नेमके काय विकतो, ते कोण घेतो, पैसे केव्हा येतात आणि वर्षाअखेर आपल्यापाशी काय उरते, या चार गोष्टींचा एकमेकींशी बसलेला मेळ म्हणजे व्यवसायाचे प्रारूप. आमच्याकडे बोलीत त्याला ‘धंद्याची घडी’ म्हणतात. घडी चुकीची बसली, तर चांगला हातही हळूहळू वाईट काम करू लागतो. हे मला उशिरा कळले.

आमचे गुरू चौरस फुटावर दर घेत, म्हणून मीही तसाच घेऊ लागलो. पत्रा घासायचा, अस्तराचा हात द्यायचा, तो वाळला की दोरी मारून शिरोरेषा आखायची, खडूने अक्षरे बसवायची आणि मग ब्रश उचलायचा. देवनागरी अक्षर वरून टांगलेले असते. शिरोरेषा बिघडली की खालचे सारे बिघडते. ‘श्री’ चे वळण किंवा ‘क्ष’ ची गाठ नीट यायला वेळ लागतो. परंतु चौरस फुटाच्या हिशेबात ‘चहा’ आणि ‘ज्ञानेश्वरी पारायण मंडळ’ यांची किंमत एकच. एका शाळेच्या पाटीला मी तीन दिवस दिले होते. वहीत तिच्यासमोरचा आकडा पाहिला, तर त्याच आठवड्यात दोन तासांत उरकलेल्या दुकानाच्या पाटीइतकाच. जितके मन लावावे तितकी मजुरी घटत जावी, अशी ती घडी होती. दर वाढवून हा दोष जात नाही. मी विकत होतो पृष्ठभाग, आणि माझे भांडवल होते अक्षर.

२००५ च्या सुमारास आमच्या तालुक्यात फ्लेक्स छापण्याचे पहिले यंत्र आले. आमच्या व्यवसायावर त्याचा काय परिणाम झाला, हे तुम्ही आपापल्या गावच्या चौकात पाहिलेलेच आहे. माझा एक जिवलग मित्र, तोही पाटीवालाच, कर्ज काढून यंत्र घ्यायला निघाला. “दादा, तूही भागीदार हो,” असा त्याचा आग्रह होता. मी आठ दिवस झोपलो नाही. वही पुढे घेऊन बेरजा मांडल्या. यंत्राचा हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला जाणार. काम मात्र सण, निवडणुका आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांच्या लहरीवर येणार. शिवाय जे यंत्र मला विकत मिळते ते उद्या दुसऱ्यालाही मिळणार. मी नाही म्हटले. पहिली तीन वर्षे तो उत्तम चालला आणि मी मूर्ख ठरलो. नंतर गावात आणखी चार यंत्रे आली, दर कोसळले आणि मित्र हप्त्यासाठी रात्रपाळी करू लागला. हे मी त्याचे उणे दाखविण्यासाठी सांगत नाही; त्याने त्याच यंत्रावर दोन मुली शिकविल्या. मात्र ब्रश त्याच्या हातून सुटला, आणि ते त्याला अजून लागते.

खरा धडा मला दुसरीकडे मिळाला. २००३ मध्ये गावातल्या एका मसालेवाल्या शेठनी मला बोलावले. “पेंटर, पाकिटावर घालायला एक चित्र काढून द्या. जात्यावर बसलेली आजी पाहिजे.” मी माझ्या आईला समोर बसवून चित्र काढले. आठशे रुपये ठरले, तेवढे शेठनी रोख मोजले. काही वर्षांनी कोल्हापूरच्या बसस्थानकावर चहा घेताना समोरच्या दुकानात माळेसारखी लटकणारी पाकिटे दिसली आणि प्रत्येक पाकिटावर माझी आई. चार जिल्ह्यांत माल जात होता. मी संतापून शेठकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, “पैसे दिले होते की नाही?” दिले होते. त्यांनी मला फसविले नव्हते, आणि म्हणूनच मला काही बोलता येईना.

एका वकील स्नेह्याने मला १९५७ चा प्रतिमुद्राधिकार अधिनियम समजावून सांगितला. वेगळा करार नसेल, तर कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन रंगविलेल्या चित्राचा पहिला मालक ते काढून घेणारा ठरतो. करार केला, तर गोष्ट बदलते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. चित्रकाराच्या हयातीनंतरही हा हक्क ६० वर्षे टिकतो. म्हणजे माझ्या मुलांपर्यंत पोहोचू शकणारी वस्तू मी आठशे रुपयांत आणि एका तोंडी वाक्यात देऊन टाकली होती. एक कागद पुरला असता.

या टप्प्यावर राजा रविवर्म्याकडे पाहण्यासारखे आहे. राजेरजवाड्यांनी मागविलेले एकेक चित्र विकणे ही त्याची पहिली घडी, आणि ती उत्तम चालली होती. तथापि मागणी इतकी वाढली की हात पुरेनात. तेव्हा त्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. जर्मन यंत्रे, जर्मन तंत्रज्ञ. लक्ष्मी आणि सरस्वती राजवाड्यांतून निघून चाळीतल्या खोलीत आल्या, ते या छापखान्यामुळे. आपल्या आजीच्या देवघरात त्या चौकटी तुम्ही पाहिल्या असतील. छापखाना मात्र त्याला पेलवला नाही. कर्ज चढत गेले आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याने तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. चित्रे छापण्याचा हक्कही त्याबरोबर गेला. लोक त्याच्या कल्पकतेची थोरवी गातात, ती रास्तच आहे. मला मात्र वाटते की त्याची कल्पना योग्य होती आणि जागा चुकली. प्रतींचा हक्क स्वतःकडे ठेवून छपाई दुसऱ्याच्या अंगावर टाकली असती, तर? हे शंभर वर्षांनंतरचे शहाणपण आहे, याची मला जाणीव आहे.

दीनानाथ दलाल यांची वाट निराळी होती. प्रकाशकांसाठी मुखपृष्ठे करून देणे हे त्यांचे रोजचे काम. १९४५ पासून त्यांनी स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. मुखपृष्ठ मागणाऱ्याचे असते, अंक स्वतःचा. मराठी वाचक दिवाळीला अंक घेतो, ही सवय १९०९ च्या ‘मनोरंजन’ पासून पडलेली होती. दलालांना ती नव्याने लावावी लागली नाही. ग्राहकाची आधीपासूनची सवय शोधणे हे नवा ग्राहक शोधण्यापेक्षा स्वस्त पडते.

माझ्या गावात अशी कोणती सवय होती? दसरा-दिवाळीला दुकान झाडून रंगविण्याची. मी पाटी विकणे थांबविले आणि पाटीची देखभाल विकू लागलो. पाटी रंगवून द्यायची आणि पुढे दर वर्षी दसऱ्यापूर्वी येऊन तिला उजाळा द्यायचा. वार्षिक रक्कम ठरलेली. पहिल्या वर्षी अकरा दुकानदार तयार झाले, दुसऱ्या वर्षी त्यांतले चार गळाले. त्या हिवाळ्यात मी भिंतींवर सिमेंटच्या जाहिराती रंगविल्या, कारण घरात धान्य भरायचे होते. हे लपविण्यात अर्थ नाही. तरीही चौथ्या वर्षी तीसच्या वर पाट्या माझ्याकडे होत्या. आता सावकाश काम केल्याने माझे नुकसान होत नव्हते. उलट अस्तर नीट दिले, तर पुढच्या वर्षीचे श्रम वाचत. चांगले काम आणि चांगला हिशेब प्रथमच एका बाजूला आले होते. ‘टिकाऊ’ हा शब्द तोवर मी फक्त रंगाच्या डब्यावर वाचला होता.

मे महिन्याच्या सुट्टीत मी बोरूने अक्षर वळविण्याचा वर्ग घेतो. त्यातून फार मिळत नाही, पण पावसाळ्याच्या तोंडावर हाती रोकड येते आणि त्या महिन्यांत पाटीचे काम नसतेच. उत्पन्नाचा आकडा सगळे पाहतात, त्याचा महिना कोणी पाहत नाही. तुम्ही तुमच्या वहीत बारा रकाने आखून पाहा. कोणत्या महिन्यात हात रिकामा राहतो ते दिसेल. उधारीचेही तसेच. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. गावात कायदा दाखविला की माणूस तुटतो, म्हणून मी निम्मी रक्कम ब्रश उचलण्याआधी घेतो. सुरुवातीला मागताना जीभ अडखळे.

गेल्या महिन्यात मसालेवाल्या शेठचा मुलगा आला. शेठ आता राहिले नाहीत. “काका, नवीन चटणी काढतोय. त्याच आजीचं दुसरं चित्र हवं,” तो म्हणाला. मी खणातून कागद काढला. चित्राची मालकी चित्रकाराकडे, वापर फक्त चटणीच्या पाकिटावर, मुदत तीन वर्षे, पुढे नवा करार. त्याने तो दोनदा वाचला. “तीन कमी पडतील, पाच करा,” म्हणाला. आम्ही चारवर आलो, रक्कम वाढली, दोघांनी सही केली. जाताना त्याने विचारले, “आजी बसतील का पुन्हा समोर?” आई जाऊन सहा वर्षे झाली आहेत. मी म्हटले, चेहरा हातात आहे. फळीला आज अस्तर देतो, ते वाळायला दोन दिवस लागतील, परवा ये.