आधी मैदान, मग खेळाडू

गोल्फशी आमचा संबंध शून्य. पण बोईसरहून पालघरला येताना लोकलमध्ये एक जुना विद्यार्थी भेटला. तारापूरच्या कारखान्यात अधिकारी असलेला हा गृहस्थ रविवारी चेंबूरला गोल्फ खेळतो. त्याने ‘हँडिकॅप’चा, म्हणजे खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचा, हिशेब समजावला आणि आम्ही दोघे अंतर्मुख झालो.

मैदानाला दोन आकडे असतात. निष्णात खेळाडूला तेथे किती फटके लागावेत, हे कोर्स रेटिंग. सामान्य खेळाडूला ते मैदान त्या मानाने किती अधिक जड जाते, हे स्लोप रेटिंग; ते ५५ ते १५५, प्रमाण ११३. रेटिंग ७२ असलेल्या मैदानावर ९० फटके लागले, तर फरक १८. स्लोप ११३ असेल तर तो १८च राहतो. १३५ असेल तर १८ ला ११३ने गुणून १३५ने भागायचे, उरतात १५.१. आकडा लहान, तितका खेळाडू सरस. शेवटच्या २० फेऱ्यांतील अशा सर्वोत्तम ८ आकड्यांची सरासरी हँडिकॅप ठरवते.

म्हणजे कठीण मैदान सर्वांना सारखेच कठीण नसते!

त्या संध्याकाळी आमच्यापुढे उत्तरपत्रिका होत्या. जव्हारकडच्या, घरी वारली बोलणाऱ्या एका मुलीच्या वाक्यांखाली आम्ही लाल रेघा ओढलेल्या. प्रमाण मराठी हे आमचे अंगण. तिच्यासाठी ती चढण. गुण वाढवावेत असे नव्हे. ९० फटके ९०च राहतात. पण तेथे आधी मैदान मोजतात, मग खेळाडू. आम्ही मात्र वर्षानुवर्षे केवळ खेळाडूच मोजत आलो.