अरुंद दांडी, डावा हात

गिटारच्या दांडीची रुंदी मोजायची ती नटपाशी, खुंट्यांकडून उतरणाऱ्या तारा ज्या पट्टीवर पहिल्यांदा टेकतात तिथं. फेंडरच्या हल्लीच्या गिटारींवर ती ४२-४३ मिलिमीटर भरते, गिब्सनवर ४३, नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर थेट ५२. माझ्या हाताला ४१ लागतात. शिवाय मी डावरी. आणि राहते अहमदपूरला. या तिन्ही गोष्टी एकदम सांगितल्या की फोनवरचा दुकानदार आधी गप्प होतो आणि मग म्हणतो, "ताई, की-बोर्ड का नाही घेत?"

आमचं गाव लातूर-नांदेड रस्त्यावरचं. रेल्वे धरायची तर लातूर रोड, उदगीर नाहीतर नांदेड गाठावं लागतं. गावात गाण्याबजावण्याला तोटा नाही. मठात वीरशैव भजनं चालतात, आषाढीच्या आगेमागे दिंड्या जातात, मार्गशीर्षात याच रस्त्यावर पुढं माळेगावला खंडोबाची यात्रा भरते आणि तिथल्या फडांतली ढोलकी ऐकून आलेली माणसं आठवडाभर मांडीवर ताल धरतात. पेटी, पखवाज, टाळ, वीणा इथं घरोघरच्या ओळखीचे. विजेवर वाजणारी तार मात्र मी पहिल्यांदा ऐकली ती वरातीत, बँजोवर. आपण ज्याला बँजो म्हणतो ते खरं तर बुलबुल तरंग. जपानमधल्या नागोया शहरात १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतोच्या वंशातलं वाद्य. टाइपरायटरच्या धर्तीच्या कळा, खाली तारा, पोटात पिकअप आणि गाडीवर चढवलेले कर्णे. पुढं २०१६ साली रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला आणि त्यात आमच्या लातूरच्या बाभळगावचा रितेश देशमुख नायक होता, त्याचं मला विशेष अप्रूप वाटलं. वरातीतला तो वाजवणारा अजून डोळ्यांपुढं आहे. त्याचा डावा हात कळांवरून पळत होता आणि उजवा नुसता तारा छेडत होता. मला वाटलं, सगळी मेहनत डावा करतोय, मग या माणसाला उजवा का म्हणायचं?

आमच्या घरी डाव्या हाताचा फार छळ झाला नाही. आजीनं तो फक्त देवापुरता सोडवला. "उजव्या हातानं घे गं प्रसाद, डाव्यानं काय करलालीस!" एवढंच. जेवण, नैवेद्य, हळदीकुंकू उजव्यानं. लिहिणं, भाजी चिरणं, केर काढणं आणि भांडणात हातवारे करणं डाव्यानं, अशी वाटणी होऊन गेली. सचिन तेंडुलकर डाव्या हातानं लिहितो हे कळल्यावर घरात माझी बाजू बळकट झाली होती. तो बॅटिंग उजव्यानं करतो, हे आजीला लगेच कुणीतरी सांगितलं.

वाद्यांचं म्हणाल तर चामड्याची वाद्यं डावऱ्यांशी सगळ्यांत चांगली वागतात. तबला-डग्ग्याच्या जागा बदलल्या की झालं. पखवाज नुसता फिरवून घ्यायचा. तारेच्या वाद्यांना मात्र अंग असतं. मिरजेच्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी तिथल्या कारागिरांबद्दल पुष्कळ वाचून काढलं. पंढरपूरकडच्या भोपळ्यापासून दांडीपर्यंत सगळं हातानं घडवणारी ती घराणी. चिकारीच्या तारा एका बाजूला, बाजाची तार दुसऱ्या बाजूला, त्यामुळे डावी सतार हवी असेल तर ती मुळापासून डावीच घडवावी लागते. पण हातानं घडणाऱ्या वस्तूचं एक बरं असतं, घडवणाऱ्याला आपला हात दाखवता येतो. इलेक्ट्रिक गिटार कारखान्यात निघते आणि कारखान्याला गिऱ्हाइकाचा हात दिसत नाही.

गिटार शिकवणाऱ्या बहुतेकांचं म्हणणं एकच असतं. उजव्या गिटारवर सूर दाबायचं बारीक काम डाव्याच बोटांनी होतं, मग तुम्हा डावऱ्यांना तर ते सोपंच जाणार, उजवीच घ्या की. बोलणं बिनतोड वाटतं. मार्क नॉफ्लर डावरा आणि उजवी गिटार वाजवणारा, गॅरी मूरही तसाच; दोघांचं वादन ऐकताना काही उणं आहे असं कुणी म्हणणार नाही. तरीही मला ते पटलेलं नाही, कारण मी उजवी गिटार मांडीवर घेऊन पाहिली आहे. सूर जागच्या जागी लागत होते, मोडत होती ती लय. छेडणाऱ्या हाताकडं दिसायला काम थोडं, पण वेळ सांभाळायची ती त्यानं. आमच्याकडं पेरणीच्या दिवसांत तिफणीमागं चाड्यावर मूठ धरणारी बाई असते. बैल हाकणारा कुणीही चालतो, मूठ धरायला बाई जाणती लागते. बी सारखं पडलं तर पीक सारखं येतं. त्या बायांमधली एखादी डावरी असली तर मूठ डाव्याच हाताची असते आणि शेताचा धनी तिला कधी हात बदल म्हणत नाही. ज्या हाताला वेळ कळते त्याच हातानं छेडावं, असं माझं मत आहे आणि ते मी कुठल्याही मास्तरापुढं सांगायला तयार आहे.

हात न बदलता वाट काढणारेही झाले. जिमी हेंड्रिक्सनं उजवी स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून तारांचा क्रम बदलून घेतला. १९६९ च्या वूडस्टॉकच्या चित्रांत तिचे नॉब खालच्या कडेला असायचे ते वर आलेले दिसतात. अल्बर्ट किंगनं तर तारांचा क्रमही बदलला नाही, जाड तार खाली आणि बारीक वर ठेवूनच वाजवलं. पण मला या सगळ्यांत जवळची वाटते ती एलिझाबेथ कॉटन. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातली कृष्णवर्णीय बाई. लहानपणी भावाचा बँजो (हा खरा बँजो, वरातीतला नव्हे) तो घरात नसताना उचलायची. तारा बदलायची सोय नव्हती म्हणून वाद्यच उलटं धरलं. गिटारही तशीच शिकली. खर्जाच्या तारा बोटांनी आणि वरची चाल अंगठ्यानं, म्हणजे साऱ्या जगाच्या उफराटं. 'फ्रेट ट्रेन' हे गाणं तिनं वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास रचलं. मग संसार, धुणंभांडी, आणि कित्येक दशकं गिटार बंद. पुढं सीगर यांच्या घरी ती कामाला लागली. ते घर संगीताचं. भिंतीवरची गिटार काढून ती वाजवायला लागली तेव्हा घरच्यांना कळलं की आपल्याकडं काम करणारी ही बाई कोण आहे. १९५८ साली तिची पहिली लाँगप्ले निघाली, तेव्हा तिनं साठी ओलांडली होती. १९८५ साली तिला ग्रॅमी मिळालं. वाद्य तिच्यासाठी कुणी बदललं नाही, म्हणून तिनं वादनाची रीतच नवी काढली. ते थोर आहे, पण प्रत्येक डाव्या मुलीनं थोर असावं अशी अट घालणं बरोबर नाही.

तेव्हा दुकानदार जेव्हा सहज म्हणतात, "उलटी करून देतो की मॅडम, तारा बदलल्या की झालं," तेव्हा मी त्यांना नटच्या खाचा दाखवते. जाड तारेची खाच रुंद, बारीक तारेची अरुंद; क्रम उलटला की जाड तार बसत नाही आणि बारीक तार खाचेत हलते. म्हणजे नट नवा. घोडीवर प्रत्येक तारेचं अंतर वेगळं लावलेलं असतं, ते पुन्हा लावायचं. दांडीच्या कडेवर पडदे मोजायला जे ठिपके असतात ते वाजवणाऱ्याच्या नजरेआड जातात. आणि वरच्या पडद्यांपर्यंत बोटं पोचावीत म्हणून अंगाला दिलेला खोलगट काप भलत्या बाजूला येतो. एवढं सगळं सोसायला माणूस हेंड्रिक्स असावा लागतो.

रुंदीचा घोळ याहून नाजूक. अरुंद दांडी म्हटलं की दुकानात पातळ दांडी काढून दाखवतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इबानेझची विझार्ड दांडी पातळपणासाठी नावाजलेली, पण नटपाशी ती ४३ मिलिमीटरच. पातळपणा अंगठ्याला कळतो, रुंदी बोटांना. त्रेचाळीसवरून एक्केचाळीसवर आलं की दोन मिलिमीटर सहा तारांमधल्या पाच फटींत वाटले जातात, प्रत्येकी ०.४. ऐकायला काहीच नाही. पण माझी करंगळी जाड तारेपर्यंत पोचते की अलीकडंच थांबते, हे त्या शून्य पूर्णांक चारांच्या बेरजेवर ठरतं. उलट बाजूही आहे. तारा जवळ आल्या की जाड बोटांच्या माणसाचं बोट शेजारच्या तारेला लागून ती मुकी होते. गिब्सननं १९६५ च्या सुमारास दांडी जेमतेम ४० मिलिमीटरवर आणली होती, ती लोकांना रुचली नाही आणि काही वर्षांत पुन्हा रुंद झाली. फेंडरची त्या काळची पद्धत मला फार आवडते. दांडीच्या टाचेवर रुंदीचं अक्षर उठवलेलं असे. ए म्हणजे दीड इंच, ३८ मिलिमीटर, बी म्हणजे ४१. मापानुसार बांगड्या मिळतात, चपला मिळतात, तशी दांडीही तेव्हा मापाची मागता येत होती.

लहान हाताला लांबीनंही दिलासा मिळतो, हे मात्र दुकानांत क्वचितच कुणी सांगतं. स्ट्रॅटोकास्टरची तार नटपासून घोडीपर्यंत ६४८ मिलिमीटर, मस्टँगची ६१०. नटपासून चौथ्या पडद्यापर्यंत पहिलीवर सुमारे १३४ मिलिमीटरचा पल्ला, दुसरीवर १२६. आठ मिलिमीटर म्हणजे माझ्या बोटांना सुटीच. डावी मस्टँग कर्ट कोबेनकडं होती, 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'च्या १९९१ च्या व्हिडिओत ती दिसते. मला मात्र ती लातुरात, नांदेडात, पुण्यात कुठंच मिळाली नाही. कोलकात्याच्या गिव्हसनच्या गिटारी (गिब्सन नव्हे, नीट वाचा) आमच्याकडच्या दुकानांत टांगलेल्या दिसतात आणि नव्यानं शिकणाऱ्या किती पोरांचे हात त्यांवर बसले असतील; मला दिसल्या त्या सगळ्या उजव्याच होत्या.

शेवटी मिळाली ती यामाहाची पॅसिफिका ११२, डावी. नट ४१ मिलिमीटर. लांबी ६४८, म्हणजे निम्मीच मागणी पुरी झाली, पण जी निम्मी झाली ती महत्त्वाची. दुकानात ठेवलेली नव्हती. आधी पैसे भरून मागवावी लागली आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीतून गावात आली. भरीव लाकडाची असल्यानं ॲम्प्लिफायर न जोडता वाजवली तर शेजारच्या घरात ऐकू जात नाही. शेजारचा मुलगा नीटची तयारी करतो, तेव्हा हा गुण लातूर जिल्ह्यात फार मोलाचा. आणखी एक सोय डावी घेतल्यावरच कळली. उजव्या मास्तरासमोर बसलं की तो मला आरशात पाहिल्यासारखा दिसतो. त्याचा हात ज्या दिशेला सरकतो, त्याच दिशेला माझा. पुस्तकातल्या कॉर्डच्या आकृत्या मात्र मनात उलट्या कराव्या लागतात.

लातूर-नांदेडच्या वाद्यांच्या दुकानदारांना माझी एक विनंती आहे. एक डावी गिटार भिंतीवर टांगून ठेवा. ती विकली जाईल असं मी म्हणत नाही. पण गिटार डावीही असते, हे दारात आलेल्या पोरीला कळू तरी द्या. आणि तुमच्या घरात कुणी डावरं असेल, तर दुकानात जाताना मिलिमीटरची पट्टी बरोबर न्या, आधी नट मोजा, मग घोडीपर्यंतची लांबी, आणि दुकानदार पातळ दांडी दाखवायला लागला तर त्याला पट्टीच दाखवा.