नातवाची रॉक क्रॉलर आणि चार हात जमीन



आमच्या नातवाने दोन वर्षांची ओवाळणी आणि वाढदिवसाचे पैसे साठवले होते. वय वर्षं तेरा. एक दिवस डबा घेऊन माझ्यापुढे बसला आणि म्हणाला, "आजी, मला रॉक क्रॉलर घ्यायची आहे. बाबा म्हणतात, आजीने हो म्हटलं तर घे."

रॉक क्रॉलर म्हणजे रिमोटवर चालणारी, दगडधोंड्यांवर चढणारी जीपसारखी गाडी. ती पळत नाही. मुंगीच्या चालीने एकेक चाक टेकवत चढते.

मी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याला कारण होतं. या वर्षी त्याने पाठशाळा सोडली होती. का, असं विचारलं तर म्हणाला, "तिथं सगळं 'नको' असतं. हे खाऊ नको, ते करू नको." हे वाक्य माझ्या मनाला लागून राहिलं होतं. आता याही वेळी धर्माच्या नावाने आणखी एक 'नको' माझ्या तोंडून गेलं असतं, तर तो उठून गेला असता, आणि फक्त गाडीपासून नव्हे. म्हणून म्हटलं, आपण दोघं मिळून नीट बघू. पैसे तुझे, हिशोब माझा.

गाडीचं वेड आपल्या गावाला, आणि आपल्या समाजाला, काही नवं नाही. वालचंद हिराचंद इथले, सोलापुरात 1882 साली जन्मलेले. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तेव्हा यंत्राची आवड म्हणजे वाया जाणं, असं मी मानत नाही. प्रश्न असतो तो कोणतं यंत्र, कशासाठी आणि किती, एवढाच.

आधी कोणतं ते सांगते, कारण दुकानात गेल्यावर डोकं चक्रावतं.

या गाड्या मापावर ओळखल्या जातात. एकास दहा म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी, साधारण हात-दीड हात लांब. एकास अठरा म्हणजे वीतभराहून थोडी मोठी. एकास चोवीस म्हणजे जेमतेम वीतभर. ट्रॅक्सासची टीआरएक्स-4 ही मोठ्या मापातली, तिचीच धाकटी टीआरएक्स-4एम अठराच्या मापातली, आणि ॲक्सियलची एससीएक्स24 चोवीसच्या. मोठी गाडी उघड्या माळावर शोभते. पण आमच्यासारख्या फ्लॅटमध्ये, गच्चीवर आणि कुंड्यांच्या कडेने खेळायला लहान मापच बरं. लहान गाडीला चार विटा म्हणजेसुद्धा डोंगर असतो.

दुसरं म्हणजे खेळणं आणि छंदाची गाडी यातला फरक. दिसायला दोन्ही सारख्या. पण स्वस्त खेळण्यात एक तुटलं की सगळं फेकायचं. छंदाच्या गाडीचा गिअर, दांडा, चाक, मोटार, सगळं सुटं मिळतं आणि घरी स्क्रूड्रायव्हरने बदलता येतं. आपल्या आईने पितळी स्टोव्ह वायसर बदलून तीस वर्षं वापरला, त्यातलाच हा प्रकार. दुकानात मी एकच प्रश्न विचारत होते: "याचे सुटे भाग तुमच्याकडे आत्ता आहेत का? दाखवा." जो दाखवत नाही त्याच्याकडून गाडी घेऊ नये.

तिसरी गोष्ट हातात रिमोट घेऊनच कळते. खटका अगदी किंचित दाबायचा. चांगली गाडी तेवढीच किंचित सरकते. जी एकदम उडी मारते किंवा उभीच राहते, ती चढावर कामाची नाही. मग तिरक्या फळीवर ठेवून खटका सोडायचा. गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे, मागे घरंगळता कामा नये.

चौथी गोष्ट नातवाने मला शिकवली. आपल्या मोटारीत वळताना आतलं आणि बाहेरचं चाक वेगळ्या गतीने फिरतं. त्यामुळे एक चाक हवेत गेलं की ते नुसतं गरगरतं आणि दुसरं हलत नाही. क्रॉलरमध्ये ही दोन चाकं एकत्र बांधलेली असतात. एक अधांतरी असलं तरी दुसरं दगड धरून ओढतं. वळायला मात्र तिला जास्त जागा लागते. म्हणजे एक मिळवायला एक सोडावं लागतंच.

आता हिशोब. विदेशी गाड्या महाग का, तर खेळण्यांवरचं आयातशुल्क 2020 मध्ये वीस टक्क्यांवरून साठ झालं आणि 2023 मध्ये सत्तर. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह लागतं, तेही पाहून घ्यावं. नातवाचे सगळे पैसे गाडीतच जाणार होते. मी कागदावर रेघ ओढली: गाडी, जादा बॅटरी, चार्जर, एक वर्षाचे सुटे भाग. आणि सांगितलं, डब्यातल्या पैशांचा चौथा हिस्सा शिल्लक राहील अशीच गाडी निवडायची. त्याचं मन मोठ्या गाडीवर होतं. दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी स्वतःच चोवीसच्या मापावर आला.

बॅटरीबद्दल मात्र मी कडक आहे. लिथियम पॉलिमर बॅटरी हलकी आणि जोरकस, पण लाडाची. कोणी समोर नसताना ती चार्जिंगला लावायची नाही. रात्री तर नाहीच. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. बरेच दिवस वापरणार नसलो तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवायची नाही, दर सेलला साधारण 3.8 व्होल्ट ठेवायचे. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात ती गच्चीवर किंवा बंद मोटारीत विसरायची नाही. बाद झाली की कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यायची. आमच्याकडे ती पत्र्याच्या डब्यात, देवघरापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब असते.

एवढं झाल्यावर खरा प्रश्न उरला. मातीवर, दगडावर चार चाकं फिरवायची म्हणजे जीवहिंसेचं काय?

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्रमादचर्या: कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, झाडं तोडणं. मी त्याला एवढंच वाचून दाखवलं आणि विचारलं, "यात तुझी गाडी कुठे बसते?" तो बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "खड्डे खणून ट्रॅक केला तर बसते. आहे त्या दगडावर चालवली तर कमी बसते." कमी, असं म्हणाला. नाही, असं म्हणाला नाही. त्याचा तो प्रामाणिकपणा मला आवडला.

मग मी त्याला ईर्यासमिती सांगितली. आपले मुनिमहाराज पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात. घाईने चालणाऱ्याला ते जमत नाही. वेगाच्या रिमोट गाडीवालाही फक्त गाडीकडे बघतो. पण क्रॉलर चालवणाऱ्याला जमीनच बघावी लागते. कुठला दगड हलतो, कुठे फट आहे, चाक कुठे टेकेल, हे आधी ठरवल्याशिवाय गाडी चढतच नाही. म्हणून सगळ्या रिमोट गाड्यांत हीच घ्यायला मी राजी झाले. ज्याला फट दिसते त्याला फटीतली मुंगीही दिसू शकते. दिसेलच असं नाही. पण बघायची सवय तरी लागते.

आमचे नियम आम्ही दोघांनी बसून लिहिले. चालवण्याआधी जागा नजरेने तपासायची, मुंग्यांची रांग दिसली तर दुसरी जागा. हिरवळीवर नाही. किल्ल्याच्या दगडांवर, मंदिराच्या आवारात नाही. वह्या-पुस्तकं रचून चढ करायचा नाही, तो ज्ञानाचा अविनय. चातुर्मासात बाहेर अजिबात नाही, कारण तेव्हा जमिनीवर जीव जास्त. त्या चार महिन्यांसाठी घरातच डोंगर: पाट, पालथी परात, जुना पाटा आणि चुरगळून ठेवलेली सोलापुरी चादर. चादरीच्या घड्या चढणं दगडापेक्षा अवघड असतं, हे मी स्वतः चालवून पाहिलं आहे! आणि संध्याकाळी सूर्यास्ताआधीचं जेवण चुकवायचं नाही.

शेवटचा नियम परिग्रह-परिमाणाचा. या छंदाला अंत नाही. पितळी वजनं, नव्या चाकांची जोडी, दुसरी बॉडी, मग दुसरी गाडी. म्हणून मर्यादा त्यालाच ठरवायला लावली. त्याने लिहिलं: गाडी एक, बॅटऱ्या दोन, सुटे भाग तुटले तरच. खाली सही केली. आपण व्रत घेताना वेगळं काय करतो?

पाठशाळेत तो अजून परत गेलेला नाही. मी आग्रहही धरलेला नाही. पण गेल्या आठवड्यात गच्चीवर गाडी थांबवून त्याने विचारलं, "आजी, मुनिमहाराज पावसाळ्यात एकाच जागी राहतात, ते पण याच कारणाने ना?" मी म्हटलं, "हो, याच कारणाने." गाडीपुढून मुंगळा निघून जाईपर्यंत तो खटका धरून थांबला होता.

तुमच्या घरी अशी मागणी आली तर लगेच हो किंवा नको म्हणू नका. मुलाच्या शेजारी कागद घेऊन बसा. माप, सुटे भाग, खटका, बॅटरी आणि मर्यादा, या पाच ओळी त्याच्याच हाताने लिहून घ्या. गाडी कोणती येईल ते तुमच्या पैशावर आहे. पण ती यादी करताना त्याच्याशी जे बोलणं होईल, ते पाठशाळेच्या फळ्यावर लिहून झालं नसतं.

जय जिनेंद्र.