लाळेची कुपी, पूर्वजांचे टक्के आणि दाभोसा

१/ दाभोसा म्हटले की बहुतेकांना लेंडी नदीवरचा धबधबा आठवतो. मला मात्र जव्हार तालुक्यातील या गावामुळे एक प्रश्न सतत पडतो : आपण कोण, हे ठरवायचे कशावरून? घरपोच जनुकीय चाचण्यांमुळे तो माझ्या इतिहासप्रेमी मित्रांतही वारंवार निघू लागला आहे. म्हणून हा धागा.

२/ कुपीत लाळ भरून पाठवायची. काही आठवड्यांनी टक्केवारी येते. मग ‘मूळचे’ किती आणि ‘बाहेरचे’ किती, यावर वाद रंगतात. वस्तुतः कंपनी पूर्वज शोधत नाही. ती आपला डीएनए मुख्यतः आजच्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून पाहते. ज्या जमातीचे नमुनेच संग्रहात नाहीत, तिचे नाव अहवालात उमटणार कोठून?

३/ शिवाय दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येकाची १०२४ पूर्वजस्थाने होतात. आई आणि वडील प्रत्येकी आपला अर्धाच वारसा पुढे देतात. त्यामुळे त्या १०२४ पैकी अनेकांचा अंशही आपल्यात उरलेला नसतो. ते पूर्वज खरेच असतात, फक्त चाचणीला दिसत नाहीत.

४/ राहिला ‘शुद्धते’चा दावा. प्रिया मूरजानी, कुमारसामी थंगराज आदींच्या २०१३ च्या संशोधनानुसार भारतातील बहुतेक सर्व समूहांत, आदिवासींतही, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी मोठी सरमिसळ झाली. बेटीव्यवहाराच्या भिंती त्यानंतर उंचावल्या.

५/ आता जव्हार-मोखाड्याकडे वळू. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचा हा मुलूख. महादेव कोळी मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. येथील विद्यार्थ्याचे भवितव्य टक्केवारीवर नव्हे, जमातीच्या दाखल्यावर अवलंबून असते. त्याच्या पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना मोठे मोल आहे. पण त्या काळी डोंगरपाड्यांतील किती मुलांची नावे शाळेच्या रजिस्टरात चढली असतील?

६/ कागद अपुरे पडले की ‘अ‍ॅफिनिटी टेस्ट’ येते : देवदेवता, लग्नविधी, बोली, चालीरीती यांविषयी प्रश्न. महा आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या खटल्यात २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ही चाचणी निर्णायक कसोटी नव्हे. शिक्षण, स्थलांतर आणि शहरी सहवास यांनी चालीरीती बदलतात, हे त्यामागचे साधे सत्य.

७/ माझी धास्ती येथेच आहे. चालीरीतींची कसोटी अपुरी ठरली, म्हणून उद्या कोणी लाळेची कुपी पुढे केली तर? ‘अनुसूचित जमात’ ही संविधानाने निर्माण केलेली कायदेशीर ओळख आहे. ती कोणत्याही पेशीत लिहिलेली नाही.

८/ मंडळी, हौस असेल तर चाचणी जरूर करा. तिच्यावरून शेजाऱ्याचे मूळ मात्र काढू नका. आणि घरातला पणजोबांचा जीर्ण शाळेचा दाखला जपून ठेवा. दाभोशातल्या एखाद्या मुलीचे वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि नोकरी अशाच एका कागदावर उभी असते.