नट फिरत नाही, तरी सैल होतो

टर्बोच्या प्रत्येक नटावर मी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढतो, नटावरून थेट फ्लँजवर उतरणारी. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पण ट्रॅकवरून परतलेल्या गाडीत बरेचदा रेघ अखंड असते आणि नट मात्र पाना जेमतेम टेकवताच सुटतो. जागचा हललेला नाही, तरी सैल. खरी गोम इथेच आहे.

मी ज्या गाड्यांवर काम करतो त्या माझदाच्या मिआटा. जेमतेम एक टनाच्या, दोघांपुरत्या, उघड्या टपाच्या. अमेरिकेत कंपनीने २००४ आणि २००५ या दोनच वर्षांच्या मॉडेलांत टर्बो दिला. बाकीच्यांना तो मालकांनी हौसेने बसवून घेतलेला असतो. रोजच्या रस्त्यावर त्या कुरकुर करत नाहीत. उत्तर कॅलिफोर्नियात विलोजजवळ थंडरहिलचा ट्रॅक आहे. उन्हाळ्यात तिथे पारा ४० अंशांवर असताना गाडी वीस मिनिटं पिळून काढली, की टर्बोत शिरणारा वायू ९०० अंशांच्या घरात जातो आणि टर्बोचं बीड लालभडक होतं.

बोल्ट ही एक ताठ स्प्रिंग आहे. पाना फिरवताना आपण तिला ओढून लांबवतो. ती आखडू पाहते म्हणून दोन फ्लँज घट्ट धरून राहतात. पान्यावर लावलेल्या जोरातला सुमारे दहावा हिस्साच या ताणात उतरतो, बाकीचा आट्यांत आणि नटाखाली घर्षणात जातो. पकड २५ मिलिमीटर जाडीची असेल, तर नीट आवळलेला पोलादी स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, लांबतो सुमारे ०.०६ मिलिमीटर. सगळी भिस्त तेवढ्यावर! आता बिडाच्या फ्लँजमध्ये स्टेनलेसचा स्टड घाला आणि दोन्ही ६०० अंशांनी तापू द्या. स्टेनलेस बिडापेक्षा सुमारे ०.०९ मिलिमीटर जास्त वाढतं, म्हणजे कमावलेला ताण सगळा गेला. गंजत नाही म्हणून स्टेनलेस मागणाऱ्याला मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवतो.

१०.९ ग्रेडचा कणखर बोल्ट वेगळ्या तऱ्हेने हरतो. त्याला दिलेलं पाणी सव्वाचारशे अंशांपुढे उतरू लागतं आणि ताणाखाली तो हळूहळू कायमचा लांबतो. ती अखंड रेघ त्याचीच खूण. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की नट आपोआप फिरून सुटतो तो मुख्यतः आडव्या हादऱ्यांनी, जोडलेले भाग एकमेकांवर घसरू लागले की. आणि ते घसरतात ताण ओसरल्यावरच.

म्हणून नट अडवण्याच्या युक्त्यांना मी दुसरा मान देतो. निळं थ्रेडलॉक १८० अंशांपलीकडे निकामी, नायलॉनचा नट त्याच्याही आधी, स्प्रिंग वायसर तापून मऊ पडतो. पाचरीसारखे दाते असलेले जोडवायसर मात्र टिकतात. ते मी वापरतो. पण तेही नटाला फिरू देत नाहीत इतकंच. लांबलेला स्टड त्यांना आखडवता येत नाही.

इन्कोनेल ७१८ चे स्टड महाग येतात, तरी तिथे काटकसर मला मान्य नाही. हा निकेलचा मिश्रधातू ६५० अंशांपर्यंत आपला कस टिकवतो. त्यातही स्टड लांब घ्यावा आणि नटाखाली त्याच धातूचा जाड कॉलर घालावा. लांब स्टड तेवढ्याच ताणाला जास्त लांबतो, मग गॅस्केट दबून मिलिमीटरचा एखादा शतांश गेला तरी पकड शिल्लक राहते.

फ्लँज सपाट हवा, हे तर पहिलं. पिंपरीच्या टूलरूममध्ये मी निळी लावून सरफेस प्लेटवर भाग घासायला शिकलो. आजही टर्बोचा फ्लँज तसाच तपासतो. निळी चारही कोपऱ्यांत सारखी उमटली नाही तर तो ग्राइंडिंगला जातो, मालकाला कितीही घाई असो.

राहिला आधार, आणि लोक नेमका तोच विसरतात. पाच-सहा किलोचा टर्बो आणि त्याला लोंबणारा एक्झॉस्टचा पाइप, एवढं ओझं चार स्टडांवर टांगून गाडी ट्रॅकच्या कडेच्या दातेरी पट्ट्यांवरून उडवायची म्हणजे त्या स्टडांवर अन्यायच. मी इंजिनाच्या ब्लॉकपासून पट्टी घेतो आणि पाइपमध्ये लवचीक बेलोज घालतो. पट्टी करकचून जखडली तर टर्बो ज्यावर बसतो त्या तापून वाढणाऱ्या मॅनिफोल्डला ती अडवते आणि सगळा जोर पुन्हा स्टडांवर येतो, म्हणून तिचं भोक लांबट ठेवतो. तिचा बोल्ट सगळ्यात शेवटी, टर्बोचे चारही नट थंड गाडीवर आवळून झाल्यानंतर. भोकं न ओढता समोरासमोर आली तरच बोल्ट घालायचा. नाही आली, तर पट्टी काढून पुन्हा वाकवायची, मग त्या दिवसाची पहिली फेरी हुकली तरी हरकत नाही.