दुसरे बारसे

लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली रीत आता मागे पडत चालली आहे. पण शास्त्रज्ञांच्या घरी ती अजून सुखाने नांदते आहे. विश्वास बसत नसेल, तर माझ्या काचेच्या पेटीतला हा बोटभर, ठिपकेदार मासा पाहा.

आपल्या शिंगटी-मागुरांच्या दूरच्या गोतातला हा. याचे माहेर दक्षिण अमेरिकेत, ला प्लाता नदीच्या खोऱ्यात. तोंडाशी मिशा, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत. दिवसभर तळाची वाळू उकरत हिंडतो आणि मधेच सुर्रकन वर येऊन हवेचा घोट गिळून जातो. ती हवा त्याच्या आतड्यात मुरते. पोटाने श्वास घेणारा प्राणी!

डार्विनने ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत हा मासा गोळा केला. त्याचे वर्णन केले लिओनार्ड जेनिन्स या पाद्रीबुवाने. गंमत अशी, की त्या जहाजावर जाण्याविषयी आधी जेनिन्सलाच विचारले होते. गावचे चर्च सोडवेना म्हणून तो मागे राहिला. पण बारसे करण्याचा मान त्याच्याच वाट्याला आला. १८४२ साली त्याने नाव ठेवले ‘कॅलिक्थिस पॅलिएटस’.

पुढे हा मासा ‘कोरिडोरास’ घराण्यात गेला. त्या घराण्यातले, एकाच ओढ्यात जुळ्यांसारखे वावरणारे मासे पुष्कळदा निरनिराळ्या वंशांचे निघाले. तेव्हा २०२४ साली संशोधकांनी आनुवंशिक द्रव्य आणि शरीररचना पारखून भल्यामोठ्या घराण्याची वाटणी केली. आमचा मासा ‘हॉप्लिसोमा’ झाला. हे नाव नपुंसकलिंगी, म्हणून ‘पॅलिएटस’चे ‘पॅलिएटम’ झाले. आपण नाही का, काळा बैल, काळी गाय, काळे वासरू म्हणत?

या सगळ्यात मला भावला तो एक नियम. घराणे बदलले, की मूळ नाव ठेवणाराचे नाव आणि साल कंसात घालतात. पुसत मात्र नाहीत.

माझी आजी माहेरची द्वारका. सासरी तिची लक्ष्मी झाली. द्वारका म्हणून तिला हाक मारलेली आम्ही कधी ऐकली नाही. फक्त माहेराहून आलेल्या घंगाळावर ते नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले होते. चिंच लावून घंगाळ घासताना त्या अक्षरांशी तिचा हात जरा रेंगाळे.

नाते नव्याने कळले, तर शास्त्राने नाव खुशाल बदलावे. आजीविषयी कुणाला नवे काहीच कळले नव्हते. नुसती रीत होती. निदान एक कंस तरी तिला मिळायला हवा होता.