हक्कसोड

2013 च्या डिसेंबरातली गोष्ट. आम्ही तेव्हा नाशिकला बी.एड. करत होतो. वर्गात उर्दू माध्यमातून आलेले आम्ही चार-पाच जण, बाकी सगळे मराठीवाले. त्यांत शरणपूरकडचे एक ख्रिस्ती सर होते. आमच्यापेक्षा वयाने मोठे, शांत, कमी बोलणारे. पाठटाचणातले आमचे मराठी ते तपासून द्यायचे. त्यातून दोस्ती झाली.

त्या काळी मोहल्ल्यात मोबाइलच्या मेमरी कार्डांतून मुनाझऱ्यांच्या क्लिपा फिरत. मौलाना किंवा डॉक्टरसाहेब समोरच्या पाद्र्याला कसे निरुत्तर करतात, ते आम्ही रात्री जागून ऐकत असू. त्यामुळे बायबलमधल्या 'चुका' आम्हाला पाठ होत्या. बायबल मात्र आम्ही कधी उघडून पाहिले नव्हते.

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने 377 कलम कायम ठेवले. समलैंगिकता पुन्हा गुन्हा ठरली. (2018 साली न्यायालयानेच तो निकाल फिरवला.) पेपरात आले होते की त्या खटल्यात आपला पर्सनल लॉ बोर्ड आणि काही ख्रिस्ती संघटना एकाच बाजूने उभ्या होत्या. चहाच्या टपरीवर आम्हाला राहवले नाही. आम्ही म्हणालो, "सर, तुमच्या लोकांनी यासाठी तौरातचा आधार घेतला. त्याच तौरातमध्ये डुक्कर हराम आहे, खतना फर्ज आहे, व्याज मना आहे. ते सगळे सोडून तुम्हाला हीच एक ओळ कशी सापडली?"

आम्हाला वाटले, सर चिडतील. ते हसले. म्हणाले, "बरोबर विचारलंत. आमचे धर्मपंडित जुन्या करारातल्या नियमांचे तीन ढीग करतात. पूजाविधीचे, त्या काळच्या राज्यकारभाराचे आणि नीतीचे. पहिले दोन संपले, तिसरा चालू आहे, असं सांगतात. पण पुस्तकात असे ढीग कुठेच नाहीत. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावर प्रेम करायची आज्ञा आहे आणि तिच्या लगेच पुढे दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालायची मनाई आहे. पहिली आम्ही भिंतीवर लावतो. दुसरीचं काय झालं, ते माझा टेरिकॉटचा शर्ट सांगेल. ढीग माणसांनी केलेत, सर."

मुनाझरा तिथेच संपला. समोरचा कबूलच करून बसला तर हरवायचे कोणाला?

पुढच्या एका रविवारी त्यांनी आम्हाला शरणपूर दाखवायला नेले. शरणपूर रोडने आम्ही शेकडो वेळा गेलो होतो. पण हे नाव कशावरून पडले, हा प्रश्न कधी मनात आला नव्हता. चर्च मिशनरी सोसायटीने गेल्याच्या गेल्या शतकात, 1850 नंतरच्या काळात, ही वसाहत उभी केली. शरण आलेल्यांचे गाव म्हणून शरणपूर. हिंदी महासागरात इंग्रज आरमार गुलामांची गलबते पकडायचे. सुटका झालेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली बरीचशी इथे, नाशिकला येत. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे शिकत. डॉ. लिव्हिंग्स्टन 1865 साली आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीला निघाले, तेव्हा त्यांनी इथली नऊ मुले सोबत घेतली. पुढे लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले. तेव्हा त्यांच्या मय्यतीपाशी दुआ वाचणारा जेकब वेनराइट हाही नाशिकलाच शिकलेला. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांचा जनाजा उचलणाऱ्यांत तो होता. गुलाम म्हणून विकला गेलेला एक पोरगा नाशिकमार्गे तिथवर पोहोचला.

आम्ही भारावून ऐकत होतो. पण सरांना आम्हाला भारावून टाकायचे नव्हते. ते म्हणाले, "आता दुसरी बाजू ऐका. आमच्याच जुन्या करारात परक्या लोकांतून गुलाम विकत घ्यायची, ते मुलांना वारशात द्यायची मुभा आहे. पौलाने गुलामांना धन्याचं ऐकायला सांगितलंय. हीच वचनं वाचून कित्येक धर्मगुरूंनी गुलामगिरीचं समर्थन केलं. इंग्लंडच्याच चर्चची दुसरी एक संस्था बार्बाडोस बेटावर गुलामांकडून उसाचे मळे पिकवून घेत होती. आणि त्याच जुन्या करारात पळून आलेल्या गुलामाला धन्याच्या हवाली करू नका, असंही आहे. किताब एकच. मळेवाल्यांनी एक ओळ उचलली, शरणपूरवाल्यांनी दुसरी. माझा हिशेब साधा आहे, सर. निवड सगळेच करतात. तिची किंमत कोण मोजतं, ते बघायचं. मळेवाल्यांच्या निवडीची किंमत दुसऱ्याने मोजली."

मग आम्ही विचारू नये तो प्रश्न विचारला. "ती गलबतं कोणाची होती?"

सर जरा थांबून म्हणाले, "बहुतेक अरबांची."

आमची मान खाली गेली. गुलाम आझाद करणे हे कुरआनात किती मोठे सवाबाचे काम! गुनाहचा कफ्फारा म्हणून गुलाम सोडायला सांगितले, जकातीच्या खर्चात त्यांच्या सुटकेचा वाटा ठेवला. तरी झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद व्हायला 1873 साल उजाडले, आणि तेही इंग्रजांच्या दडपणाखाली. सौदी अरबने गुलामगिरी 1962 साली बंद केली, मॉरितानियाने 1981 साली. आपल्या लोकांनीही परवानगीची ओळ घट्ट धरली आणि सुटकेची ओळ तिलावतीपुरती ठेवली. आज मात्र गुलामगिरी गेली म्हणून दीन कमी झाला, असे कोणी म्हणत नाही.

परतताना सर केरळच्या मेरी रॉय यांच्याविषयी बोलले. 1916 च्या त्रावणकोरच्या कायद्यात ख्रिस्ती मुलीला मुलाच्या चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते मिळायचे. त्या बाईंनी दाद मागितली आणि 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने मुलीला बरोबरीचा वाटा दिला. "आमच्या बायकांना कोर्टात जावं लागलं," सर म्हणाले. "तुमच्याकडे बरंय. मुलीचा हिस्सा किताबातच लिहिलाय. तुमच्या आत्यांना किती जमीन आली?"

त्यांनी हे सरळ मनाने विचारले होते. आम्हाला उत्तर देता आले नाही.

आमच्या दादांची निफाड तालुक्यात सहा एकर जमीन होती. दादी आधीच गेलेल्या. मागे दोन मुले, दोन मुली. सूरे निसाच्या हिशेबाने मुलाचे दोन भाग, मुलीचा एक. चौथीच्या मुलालाही सुटेल असे गणित: मुलांना दोन-दोन एकर, मुलींना एक-एक. घडले ते असे की दादांच्या चाळिसाव्यानंतर दोन्ही फूफींना रिक्षातून निबंधक कार्यालयात नेले आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. येताना दोघींना एक-एक सूट आणि मिठाईचा डबा दिला. अब्बा आणि चाचा यांच्या नावावर तीन-तीन एकर चढली. कोणी भांडले नाही, कोणी रडले नाही. घरातले सगळे पाच वक्त नमाजी. ज्या आयतीत हा वाटा सांगितला आहे, त्याच आयतीत त्याला अल्लाहने ठरवलेला फरीज़ा म्हटले आहे. नमाजही फर्ज, हिस्साही फर्ज. दोन ढीग आमच्या घरातच झाले होते.

2013 साली अब्बांनी त्यांच्या तीनपैकी एक एकर विकली. त्यातून वडाळ्याला घर झाले आणि आमच्या बी.एड.ची फी भरली गेली. अब्बांच्या वाट्यात दोन्ही फूफींची मिळून जी एक एकर आली होती, तेवढीच ती. म्हणजे सरांशी मुनाझरा करायला आम्ही ज्या पैशावर गेलो होतो, तो आमचा नव्हताच.

तरी आम्ही बरीच वर्षे गप्प राहिलो. 2017 मध्ये न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द केला. मग त्याविरुद्ध कायद्याचे विधेयक आले आणि 2018 च्या फेब्रुवारीत मालेगावात बायकांचा प्रचंड मोर्चा निघाला. 1966 साली हमीद दलवाईंनी मुंबईत तलाकच्या विरोधात मोर्चा काढला, तेव्हा सात बाया होत्या. इथे रस्ता पुरेना. मालेगावला दिलेल्या आमच्या धाकट्या फूफीही उन्हातून चालल्या. शरीयतमध्ये दखल नको, म्हणून. घरी येऊन त्यांनी सुजलेले पाय गरम पाण्यात ठेवले. आम्ही तेव्हा तिथेच होतो. विचारले, "फूफी, शरीयतने आपको भी एक एकड़ दी थी. वो नहीं माँगी?"

त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "माँ-बाप के बाद भाई का घर ही मायका होता है बेटा. एकड़ माँगती तो मायका जाता."

1937 च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यासाठी मोर्चा निघाल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. तलाक पुरुषाच्या हातात होता, जमीनही पुरुषाच्या हातात. एकासाठी शरीयत आठवली, दुसऱ्यासाठी रिवाज. दोन्ही निवडींची किंमत फूफीनेच मोजली.

गेल्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना आम्ही अब्बांसमोर दुसरा एक कागद ठेवला. सहा एकर, चार वारस, आणि आमच्या फीची रक्कम. अब्बा म्हणाले, "उन्होंने माफ कर दिया है." आम्ही म्हणालो, "अब्बा, माँगने की हिम्मत न हो, उसे माफी कैसे कहें?" दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फजरनंतर म्हणाले, "सात-बारा निकाल ला."

काढून आणला. चाचा अजून तयार नाहीत. अब्बांच्या उरलेल्या दोन एकरांतून दोघींना अर्धा-अर्धा एकर द्यायचे ठरले आहे. वकील म्हणाले, हक्कसोड नोंदलेली असल्यामुळे आता हिस्सा म्हणून देता येणार नाही, बक्षीसपत्र करावे लागेल.

फूफींच्या हक्काची जमीन त्यांना बक्षीस म्हणून मिळणार. कागदाचा मसुदा आम्हालाच लिहायला सांगितला आहे, आमचे मराठी आता बरे झाले आहे म्हणून. 'प्रेमापोटी व स्वखुशीने' या शब्दांपाशी आम्ही कालपासून अडलो आहोत.